धरून चालू या: सर्किटची गणितं आणि एक उणे चिन्ह

(खुटबाव, ता. दौंड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. फळ्यावर काढलेल्या आकृत्या येथे शब्दांत मांडल्या आहेत. वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.)



आम्ही फळ्यावर दोन बॅटऱ्या काढल्या तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना आता विजेचं काय सुचलं, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. शंका रास्त आहे, म्हणून आधी कारण सांगतो.

गेल्या महिन्यात इथलाच एक मुलगा वडिलांबरोबर आमच्याकडे आला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. पहाटे उठून खुटबाव स्टेशनवरून पुण्याची गाडी धरायची आणि रात्री परत यायचं, असा त्याचा दिनक्रम. ‘बेसिक इलेक्ट्रिकल’ या विषयात तो नापास झाला. वडील म्हणाले, “सर, पोरगं म्हणतंय कॉलेज सोडतो. तुमी जरा बोला.” मुलगा खाली मान घालून बसला होता. आम्ही विचारलं, “अभ्यास केला होतास का?” तो म्हणाला, “केला होता सर. वीस गणितं पाठ करून गेलो होतो. पण पेपरात आकृती फिरवून आली.”

‘आकृती फिरवून आली’ हे त्याचे शब्द आमच्या डोक्यातून गेले नाहीत. कारण १९६९ साली आम्हीही याच दारातून बाहेर पडलो होतो. इंटर सायन्स करून आम्ही इंजिनिअरिंगला गेलो आणि वर्षभरात परत आलो. पुढे तत्त्वज्ञान घेतलं, त्यात आयुष्य गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेर पडलो ते एका उणे चिन्हापायी. ते चिन्ह समजायला पुढे बरीच वर्षं लागली. आज तेच गणित आपण सगळे मिळून सोडवू.

सर्किट म्हणजे काय धरायचं?

सर्किट हा शब्द आपण रोज वापरतो. शाळेच्या पुस्तकात त्याला विद्युत परिपथ म्हटलंय. करंट म्हणजे विद्युतधारा, व्होल्टेज म्हणजे विभवांतर, रेझिस्टन्स म्हणजे रोध. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला पुढे हेच सगळं इंग्रजीत भेटतं आणि त्याला वाटतं, हा विषयच नवा आहे. विषय जुनाच आहे, पाटी तेवढी बदलली. आम्ही आज दोन्ही शब्द वापरू.

परिपथात पहिली गोष्ट म्हणजे वाट पूर्ण हवी. आपल्या स्टेशनवर उभे राहून वर बघा. इंजिनावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. त्या एका तारेवर इंजिन कसं चालतं? करंट वरून इंजिनात येतो आणि परत जायला त्याला खालचे रूळ असतात. येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही वाटा आहेत, म्हणून परिपथ पुरा होतो.

दुसरी गोष्ट अशी की कागदावरचं सर्किट म्हणजे खरं सर्किट नव्हे. कागदावर तारेची रेघ काढतो तेव्हा त्या तारेला रोध नाही असं आपण धरतो. शेतात डीपीपासून विहिरीपर्यंत तार जाते, तिला रोध असतोच, आणि तो किती नडतो हे मोटरवाल्याला विचारा. गणितात तो मोजायचा असेल तर रेघेच्या मध्ये एक वेगळा रेझिस्टन्स काढून दाखवावा लागतो. कागदावर जे काढलं नाही ते गणितात नाही. काय धरलं आणि काय सोडलं हे आधी ओळखणं, ही गणिताची खरी सुरुवात. मुलं थेट सूत्र शोधायला धावतात, आम्हीही धावलो होतो.

तीन नियम

या विषयाला लागणारे नियम तीनच आहेत.

पहिला ओहमचा. व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रेझिस्टन्स. गेओर्ग ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर. १८२७ साली त्यानं हे पुस्तकरूपानं मांडलं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कॉप्ली पदक दिलं ते १८४१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी.

दुसरे दोन किरखॉफचे. गुस्टाव्ह किरखॉफनं ते १८४५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि विद्यार्थी होता! ज्याच्या नियमांवर आपली पोरं नापास होतात, तो स्वतः तेव्हा फ्रान्झ नॉयमान या प्राध्यापकांच्या वर्गात बसत होता. गाव क्योनिग्सबर्ग. तत्त्वज्ञानवाल्यांना हे गाव इमॅन्युएल कांटचं म्हणून माहीत असतं. गणितवाल्यांना ते सात पुलांचं म्हणून माहीत असतं. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, हा प्रश्न ऑयलरनं १७३६ साली सोडवला आणि ‘येणार नाही’ असं सिद्ध केलं. त्यानं गावाचा नकाशा टाकून दिला आणि फक्त ठिपके आणि रेघा ठेवल्या. कुठलं ठिकाण कशाला जोडलंय, एवढंच त्यात महत्त्वाचं.

आता त्या मुलाचं वाक्य आठवा, ‘आकृती फिरवून आली.’ आकृती उभी असो, आडवी असो, तिरकी असो. ठिपके तेच आणि जोडण्या त्याच असतील तर सर्किट तेच. तो चित्र पाठ करून गेला होता, जोडणी बघायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आमची पहिली सूचना लिहून घ्या: प्रश्नातलं सर्किट आपल्या हातानं, वेगळ्या आकारात, पुन्हा काढा. ते जमलं तर निम्मं काम झालं.

किरखॉफचा पहिला नियम: कुठल्याही सांध्यावर, म्हणजे नोडवर, जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. कालव्याच्या पाण्याचं उदाहरण लगेच सुचतं. पाणी फाट्यावर आलं, दोन चाऱ्यांत वाटलं गेलं. पण पाणी मुरतं, उन्हानं उडतं आणि रात्रीतून कोणीतरी चारी फोडतं. (हशा) आपल्या गणितातल्या तारेत यातलं काही होत नाही. म्हणून उपमा घ्यावी, पण तिच्यावर फार ओझं टाकू नये.

आमच्या मीमांसकांकडे ‘अर्थापत्ती’ नावाचं एक प्रमाण आहे. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही. मग तो रात्री जेवत असला पाहिजे. सांध्यावर ५ अँपिअर आले, एका वाटेनं ३ गेले. मग दुसरीनं २ गेलेच पाहिजेत. दुसऱ्या वाटेवर मीटर लावलेला नसला तरी.

दुसरा नियम: बंद वाटेनं फिरून मूळ जागी आलात तर चढ आणि उतार यांची बेरीज शून्य. घरून निघा, भुलेश्वरचा डोंगर चढा, उतरा, घरी या. वाट कुठलीही धरा, घराची उंची तीच राहणार. परिपथात उंचीच्या जागी व्होल्टेज. बॅटरी चढवते, रेझिस्टन्स उतरवतो.

आता गणित

फळ्यावर बघा. वर एक सांधा, खाली एक सांधा. त्यांच्यामध्ये तीन फांद्या. पहिल्या फांदीत १२ व्होल्टची बॅटरी आणि १ ओहम. दुसरीत ६ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहम. तिसरीत नुसता ६ ओहमचा रेझिस्टन्स, त्याला आपण लोड म्हणू. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोकं वरच्या बाजूला. प्रत्येक फांदीतला करंट काढा.

सुरुवात कुठून करायची? करंट कुठून कुठे जातो हेच माहीत नाही, तर समीकरण कसं लिहिणार? इथेच पोरं थबकतात. उत्तर सोपं आहे: दिशा धरून चालायचं. पहिल्या बॅटरीतून वर येणारा करंट ‘क’. दुसरीतून वर येणारा ‘ख’. लोडमधून खाली जाणारा ‘ग’. तिन्हींना बाण काढा. बाण काढल्याशिवाय समीकरण लिहायचं नाही, ही दुसरी सूचना.

वरच्या सांध्यावर: क + ख = ग.

पहिली बॅटरी आणि लोड यांची बंद वाट: १२ = १क + ६ग.

दुसरी बॅटरी आणि लोड यांची बंद वाट: ६ = २ख + ६ग.

‘ग’च्या जागी क + ख घाला. पहिलं होतं ७क + ६ख = १२. दुसरं होतं ६क + ८ख = ६. पहिल्याला ४ नं गुणा: २८क + २४ख = ४८. दुसऱ्याला ३ नं गुणा: १८क + २४ख = १८. वजा करा: १०क = ३०. म्हणून क = ३ अँपिअर. आता ख: ६ख = १२ − २१ = −९, म्हणून ख = −१.५ अँपिअर. आणि ग = ३ − १.५ = १.५ अँपिअर.

बघा, आलं ते उणे चिन्ह.

१९६९ साली परीक्षेत अगदी असंच गणित होतं. ख उणे आला आणि आमच्या पोटात गोळा आला. बॅटरी करंट देते हे माहीत होतं. ती घेईल कशी? दिशा चुकीची धरली, आता सगळंच चुकलं. वेळ थोडा होता. आम्ही ते उणे चिन्ह रबरानं पुसलं आणि १.५ लिहिलं. मग सांध्यावर ३ आणि १.५ मिळून ४.५ झाले. लोडवर ४.५ गुणिले ६ म्हणजे २७ व्होल्ट! बॅटरी १२ ची. हे अशक्य आहे हे दिसत होतं, पण मागे कुठे जायचं ते कळेना. पेपर तसाच दिला. बरोबर आलेलं उत्तर आम्ही स्वतःच्या हातानं खोडलं होतं.

उणे चिन्ह काय सांगतं?

आपण ‘धरून चालू’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी करत असतो. न्यायशास्त्रात ‘तर्क’ आहे. तिथे एखादी गोष्ट धरायची, तिच्यातून अनिष्ट निष्कर्ष निघाला की धरलेली गोष्ट सोडून द्यायची. तिथलं धरणं म्हणजे विधान असतं, ते खरं किंवा खोटं ठरतं. सर्किटमधला बाण तसा नाही. बाण म्हणजे नामकरण. ‘वरच्या दिशेला मी धन म्हणेन’ एवढंच आपण ठरवलं. करंट वरच जातो असं आपण म्हणालोच नाही. म्हणून ख = −१.५ याचा अर्थ, दीड अँपिअर बाणाच्या उलट, खाली जातोय. चूक झालेलीच नाही, त्यामुळे काही दुरुस्त करायचंही नाही.

विधानं कोणती होती? ओहमचा नियम आणि किरखॉफचे दोन. ती आपण मोडली तर उत्तर चुकेल. बाण कसाही काढा, उत्तर तेच येतं, फक्त चिन्ह बदलतं. आपण काय ठरवलं आणि निसर्गानं काय ठरवलं, हा फरक ज्याला कळला त्याची परीक्षेतली भीती पुष्कळ कमी होते.

याचा मोठा दाखला घ्या. विजेच्या एका प्रकाराला धन आणि दुसऱ्याला ऋण म्हणायचं हे अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिननं ठरवलं. १८९७ साली जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉन दाखवला आणि कळलं की तारेत जे वाहतं ते ऋण आहे, आपल्या बाणाच्या उलट जातं. पण एकही गणित बदलावं लागलं नाही. आजही आपण जुनेच बाण काढतो.

मग बॅटरी करंट घेते म्हणजे काय? ती चार्ज होते. ट्रॅक्टरची बॅटरी उतरली की आपण दुसऱ्या चांगल्या बॅटरीला केबल लावतो, धनाला धन, ऋणाला ऋण. लावल्या लावल्या चांगली बॅटरी उतरलेलीत करंट ढकलायला लागते. १९६९ साली हे दृश्य आम्ही पाहिलेलं होतं, आणि तरीही वहीतल्या ‘ख’चा त्याच्याशी संबंध आहे हे सुचलं नाही. (एक खुलासा: १२ आणि ६ व्होल्टच्या बॅटऱ्या अशा कुणी खरोखर जोडू नका. हे आकडे सोपं गणित यावं म्हणून घेतलेत.)

पडताळा

उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाची शेवटची पानं उलटून बघायचं, ही सवय सोडा. गणित स्वतःच साक्ष देतं. वरचा सांधा खालच्यापेक्षा किती व्होल्ट वर आहे? लोडकडून: ६ × १.५ = ९. पहिल्या बॅटरीकडून: १२ − ३ = ९. दुसरीकडून: ६ + २ × १.५ = ९. तिन्ही वाटांनी ९. तीन साक्षीदार स्वतंत्रपणे एकच सांगतात.

आणखी एक ताळा शक्तीचा, म्हणजे वॅटचा. पहिली बॅटरी देते १२ × ३ = ३६ वॅट. १ ओहममध्ये ९ वॅटची उष्णता, २ ओहममध्ये ४.५, लोडमध्ये १३.५, आणि दुसऱ्या बॅटरीत ६ × १.५ = ९ वॅट भरले गेले. बेरीज ३६. उणे चिन्ह खरं होतं याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

तेच गणित, दुसऱ्या दोन वाटांनी

अभ्यासक्रमात पुढे सुपरपोझिशन येतं. एका वेळी एकच बॅटरी ठेवायची, दुसरीच्या जागी साधी तार. फक्त १२ व्होल्ट ठेवले तर २ आणि ६ ओहम समांतर, म्हणजे दीड ओहम. त्यात १ मिळवून अडीच. करंट ४.८, सांध्यावर ७.२ व्होल्ट. फक्त ६ व्होल्ट ठेवले तर असंच करून सांध्यावर १.८ व्होल्ट येतात, ते घरी करून बघा. ७.२ अधिक १.८ बरोबर ९. जमलं!

पण लगेच वॅटची बेरीज करायला जाल तर फसाल. ७.२ व्होल्टला लोडमध्ये ८.६४ वॅट, १.८ ला ०.५४. बेरीज ९.१८. खरे वॅट तर १३.५. कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गावर चालतात, आणि बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज नव्हे. व्होल्ट तुकड्यांतून जोडता येतात, वॅट येत नाहीत. परीक्षेत हा खड्डा हमखास असतो.

दुसरी वाट थेवेनिनची. लेऑन थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर, त्याचा सिद्धांत १८८३ चा. हेल्महोल्ट्झनं हीच गोष्ट १८५३ सालीच मांडली होती, पण नाव थेवेनिनचं राहिलं. तो म्हणतो, लोड बाजूला काढा. उरलेलं सर्किट कितीही गुंतागुंतीचं असो, लोडच्या दृष्टीनं ती एक बॅटरी आणि एक रेझिस्टन्स. आपल्या गणितात लोड काढला की दोन बॅटऱ्यांत ६ व्होल्टचा फरक आणि वाटेत ३ ओहम, म्हणून २ अँपिअर. सांध्यावर १२ − २ = १० व्होल्ट. आतला रोध म्हणजे १ आणि २ समांतर, दोन तृतीयांश ओहम. आता लोड परत लावा: १० भागिले ६ पूर्णांक दोन तृतीयांश, उत्तर १.५ अँपिअर. तेच.

हे घरातही दिसतं. संध्याकाळी शेजारची मोटर सुरू झाली की आपला दिवा मंद होतो. तुमच्या बोर्डाच्या मागे डीपी, खांब, मैलभर तारा असं काय काय आहे. पण धरा, मोटर बंद असताना २३० व्होल्ट दिसले आणि १० अँपिअर जास्त ओढल्यावर २१०, तर ढोबळ मानानं मागे २ ओहम बसलेत असं म्हणता येतं. ही वीज उलटसुलट वाहणारी, एसी असते, म्हणून नेमका हिशेब थोडा वेगळा; पण विचार हाच.

थेवेनिनलाही मर्यादा आहे. लोड काढला तेव्हा आपल्या मूळ सर्किटमध्ये २ अँपिअर फिरतच होते, १२ वॅट उष्णतेत जात होते. थेवेनिनच्या सोप्या सर्किटमध्ये त्या वेळी काहीच फिरत नाही. बाहेरून दोन्ही सारखी, आतून वेगळी. बाहेरून सारखं दिसतं म्हणून आतही सारखंच असेल असं मानू नये, हे आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. इतकं साधं उदाहरण हाताशी असताना ते आम्ही कधी वापरलं नाही, याची आज थोडी खंत वाटते.

शेवटी त्या मुलाबद्दल

तो आता दर रविवारी येतो. आम्ही त्याला वीस गणितं देत नाही, एकच देतो. ते तीन वाटांनी सोडवायचं आणि प्रत्येक वेळी आकृती फिरवून काढायची. गेल्या रविवारी त्याला उणे करंट आला. आमच्याकडे बघून तो म्हणाला, “सर, बाण उलटा होता, राहू दे ना तसाच?” आम्ही म्हटलं, “राहू दे.” त्यानं पुसलं नाही. परीक्षा डिसेंबरात आहे. पास होईल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. कॉलेज सोडायचं मात्र त्यानं सध्या लांबणीवर टाकलंय, आणि त्याचे वडील एवढ्यावर खूश आहेत.

जाता जाता तुम्हालाही एक प्रश्न. आपल्या सर्किटमध्ये ६ ओहमच्या जागी किती ओहमचा लोड लावला, तर दुसरी बॅटरी करंट देणारही नाही आणि घेणारही नाही? आणि लोड त्याहून कमी ओहमचा लावला तर ती काय करेल? उत्तर आलं की ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरताना उतरलेली बॅटरी काय करत असते याचा विचार करा. स्टार्टरचा रोध फारच कमी असतो, एवढी सूचना पुरे.

पुढच्या वेळी उत्तरापासूनच सुरुवात करू. तोपर्यंत वहीत उणे आलं तर रबर लांब ठेवा.